नटावरचा लाल ठिपका

साऱ्या बुलढाणा जिल्ह्यात माणसांवर इतका भोळा विश्वास आणि नटांवर इतका संशय ठेवणारा दुसरा माणूस झाला नाही, हे मी वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी सही करून लिहून द्यायला तयार आहे. तो माझ्या बायकोच्या माहेरचा, म्हणजे बीबी गावचा. पिंपळगाव राजा या आमच्या गावी, घरापासून हाकेच्या अंतरावर त्याचं मोटारसायकल दुरुस्तीचं दुकान होतं, आणि सगळं गाव त्याला मिस्त्रीच म्हणे. तो मुसलमान, आम्ही माळी. पण माहेरगावचा माणूस म्हणजे भाऊ, हा रिवाज त्यानं सख्ख्या भावापेक्षा कडक पाळला. तिला तो ताई म्हणायचा, मला दाजी, आणि दाजीची टिंगल करायचा मेहुण्याचा हक्क रोज सकाळी न चुकता बजावायचा. भाऊबीजेला आंघोळ करून, अत्तर लावून पाटावर सगळ्यात आधी तोच येऊन बसे. माझे तीन सख्खे मेहुणे बीबीहून यष्टीनं पोचेपर्यंत त्याचं ओवाळणं आणि फराळ दोन्ही आटोपलेलं असे.

गाडी दिसली की तिच्या मागच्या सीटवर तळहात ठेवून ती खाली दाबायची आणि ती कशी वर येते ते डोळे मिटून ऐकायचं, ही त्याची सवय. गाडी कोणाची, मालक ओळखीचा का, हा प्रश्न त्याला पडत नसे. एकदा लग्नाच्या वरातीत त्यानं नवरदेवाच्या घोडीची पाठही अशीच दाबून पाहिली आणि घोडीवाल्याला गंभीरपणे सांगितलं, "मागून बसून राह्यली थोडी." नट आवळला की तो त्यावर लाल नेलपॉलिशचा एक ठिपका द्यायचा, अर्धा नटावर, अर्धा बोल्टाच्या टोकावर. नट केसभर जरी फिरला तरी ठिपका तुटलेला दिसे. ज्याच्यावर ठिपका नाही तो नट आपला नाही, त्याची जबाबदारी अल्लावर, असं तो गिऱ्हाइकाला आधीच बजावायचा. दर महिन्याला बाटली नेणारा हा माणूस पाहून बांगडीवाल्या बाईला वाटे, याची दुसरी बायको असावी. पहिली तर दुकानात येऊन मला एकही बाटली मिळाली नाही म्हणून तक्रार करून गेली होती.

मागच्या शॉकअपचं काम असलं की विचारूच नका. आधी तो गिऱ्हाइकाला कापसाच्या वजनकाट्यावर उभं करी, रोजच्या ओझ्यासकट. मग खराट्याची काडी मागच्या चाकापासून गाडीच्या शेपटापर्यंत धरून तेवढी मोडायची. गिऱ्हाईक गाडीवर बसलं की पुन्हा धरायची आणि जेवढी जास्त झाली तेवढी आणखी मोडायची. तो दुसऱ्यांदा मोडलेला तुकडा दोन बोटांपेक्षा लांब निघाला तर गाडी दबते, आखूड निघाला तर माणूस उधळतो. सगळ्या गावाच्या काड्या त्याच्या बिस्किटांच्या डब्यात होत्या, प्रत्येकीला दोरा आणि चिठ्ठी. त्याच्या घरात पूर्ण खराटा कोणी कधी पाहिला नाही.

मी त्या काळात कपाशीचं बीटी बियाणं विकायचो. नोकरीला पुण्याला जाताना मुलानं त्याची मोटारसायकल मला दिली होती. तिला मागं सीटखाली एकच जाड शॉकअप, आणि तो मागचं चाक धरणाऱ्या चिमट्याशी एका त्रिकोणी पाटीनं आणि दोन पट्ट्यांनी जोडलेला. तरण्या पोरानं एकट्यानं उडवायची गाडी ती. मी तिच्यावर बियाण्याचे खोके लादले, तेव्हा शॉकअपमधून तेल गळायला लागलं आणि खड्डा आला की टायर मडगार्डला घासायचं. मिस्त्रीनं अकोल्याच्या भंगारातून मोठ्या गाडीचा शॉकअप आणला, लेथवर नवी पाटी कापून घेतली, तिच्यात नवे बुश बसवले आणि तीन दिवस तो त्या गाडीखाली झोपल्यासारखा राहिला. "दाजी, तुमच्या बियाण्याची ग्यारंटी तुम्ही तोंडानं देता," तो खालूनच म्हणाला, "मी रंगानं देतो."

ते मला लागलं, कारण ते वर्ष वाईट होतं. बीटीला अळी लागत नाही, हे मी पानठेल्यापासून देवळाच्या पारापर्यंत सांगितलं होतं, आणि त्या वर्षी बोंडं फोडली की आत गुलाबी अळी निघत होती. लोक मला फोन करत आणि मी उचलत नसे.

तिसरा दिवस शुक्रवारचा होता. आमच्या लेकीचं दुसरं बाळंतपण नागपूरला, सासरी व्हायचं होतं आणि हिला दुपारची गाडी धरायला शेगाव स्टेशनवर पोचवायचं होतं. नमाजाची वेळ झाली तसा मिस्त्री हात धुऊन उठला. गाडी उभी होती, शॉकअप बसला होता, फक्त पाटीचा खालचा बोल्ट राहिला होता. टोपी घालता घालता तो म्हणाला, "हात लावू नका बरं दाजी. तो बोल्ट निस्ता बोटानं बसवेल हाये. मी आलो की आवळतो. टाइम हाये गाडीले."

वेळ होता. हे मी पहिल्यांदाच कबूल करतो, की वेळ भरपूर होता. पण तो गेला आणि रस्त्याच्या टोकाला मला चार माणसं दिसली. चौघंही माझ्याकडून बियाणं नेलेली, आणि एकाच्या हातात कपाशीचं उपटलेलं झाड. ती दुकानाकडेच येत होती. मी हाताला लागला तो पाना घेतला, बोल्टाला दोन-तीन झटके दिले आणि गाडी काढली. नटावर ठिपका नाही हे मला दिसलं होतं. नेलपॉलिशची बाटली तिथंच फळीवर होती.

घरून हिला घेतलं. ती मागं बसली, मांडीवर डिंकाच्या लाडवांचा डबा. गाडी सुरुवातीला इतकी सुंदर चालली की ही म्हणाली, माझ्या भावानं पलंग करून दिला. मग प्रत्येक खड्ड्यानंतर खालून टक् असा एक आवाज यायला लागला. पहिल्यांदा मी तो ऐकला नाही असं ठरवलं. नंतर तो दर खड्ड्याला यायला लागला, आणि हिनंही विचारलं, काय वाजते हो? डबा वाजतो, मी म्हणालो. थांबावं असं तीनदा वाटलं आणि तीनही वेळा मला ते उपटलेलं झाड दिसलं. खामगाव यायच्या आधी ओढ्यावरच्या एका मोरीवर गाडीची शेपटी एकदम खाली बसली, टायर मडगार्डमध्ये अडकलं आणि मागचं चाक जागच्या जागी थांबलं. मी हँडलला धरून राहिलो. ती राहिली नाही.

तिच्या मांडीचं हाड मोडलं. नागपूरला नात झाली तेव्हा ती खामगावच्या दवाखान्यात पाय टांगून पडली होती.

दुसऱ्या दिवशी गाडी टेम्पोत घालून दुकानात आणली. तिन्ही मेहुणे बीबीहून आले होते आणि मी म्हणेन ते ऐकायला बसले नव्हते. बियाण्यावरून ते आधीच माझ्यावर तापलेले होते, कारण त्यांच्या वावरातही माझंच बी होतं. थोरला म्हणाला, पहिले गाडी पाहू, मग माणूस पाहू. ठिपक्याचा कायदा त्यांनाही ठाऊक होता. नट रस्त्यात कुठंतरी पडला होता. बोल्ट अर्धा बाहेर येऊन लोंबत होता. मिस्त्री खाली बसला, बोल्ट ओढून काढला आणि फडक्यानं पुसला. मी त्याच्या पाठीकडे पाहत होतो. टोकावर लाल काही नाही, हे त्याला दिसलं असणार, कारण ती पाठ एकदम स्थिर झाली. मग, उजेडात पाहतो म्हणून, तो फळीपाशी गेला. परत आला तेव्हा बोल्ट त्यानं लांबूनच दाखवला. टोकावर लाल ठिपका होता.

"माझाच हाय," तो म्हणाला. "पाहून घ्या. हात चुकला माझा."

ओल्या नेलपॉलिशचा वास मला आला. मेहुण्यांना आला नसावा. थोरल्यानं त्याला जे बोलायचं ते बोलून घेतलं, आपल्याच गावच्या पोरीला अपंग केलंस इथपर्यंत, आणि मी तिथं उभा होतो. ते गेल्यावर मी विचारलं, काऊन केलं असं? तो हत्यारं गोळा करत होता. म्हणाला, "माझ्याशी बोलनं बंद करतीन, बस. तुमच्याशी केलं तर ताईचं माहेर तुटते."

त्यांनी बंद केलंच. गावानंही केलं. ज्याच्या हातचा बोल्ट ठिपका देऊनही सुटतो त्याच्याकडे गाडी कोण नेणार? जी माणसं त्याच्या काड्यांना हसत, ती आता त्यांना हसतही नव्हती. पुढच्या भाऊबीजेला हिनं काठी टेकत सगळी तयारी केली, पण त्याचा पाट मांडला नाही. मी तिला काही सांगितलं नाही. दोन वर्षांनी त्यानं दुकान बंद केलं, काड्यांचा डबा बगलेत मारला आणि बीबीला मुलाकडे निघून गेला. माझ्या बियाण्याचं खोटं लोकांना कळलं होतं. दुसरं खोटं त्यानं माझ्या अंगावरून काढून आपल्या अंगावर घेतलं, आणि मी ते त्याला घेऊ दिलं.

या दिवाळीत, करंज्या भरताना, मी हिला सगळं सांगितलं. ती करंजीची कड मुरडत राहिली. ताटभर करंज्या झाल्यावर तिनं एवढंच विचारलं, "बीबीची गाडी किती वाजता हाय?"

तो मुलाच्या घरापुढं बाजेवर बसला होता. खूप वाळला होता. आम्ही ऑटोतून उतरलो तर आधी उठून त्यानं ऑटोची सीट दाबली. मी उभ्यानंच, हिच्यासमोर सगळं बोललो. त्यानं ऐकून घेतलं आणि माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की जणू मी त्याची वस्तू उचलून नेतोय.

"दाजी, बोल्टावर ठिपका होता ना? मंग माझाच. बसा."

मी पुन्हा सांगायला गेलो तर त्यानं सुनेला चहा मांडायला सांगितलं. ही ओवाळायचं ताट काढत होती. शेवटी म्हणाली, "इतकी वर्षं तुले ओवाळलं नाही रे मी."

"मी दरसाल आंघोळ करूनच बसलो, ताई," तो म्हणाला.

तिनं त्याला ओवाळलं. निघताना त्यानं तिची काठी मागून घेतली. उंची कमीजास्त करायला तिला खाली एक स्क्रू आहे. तो त्यानं नखानं चाचपला, आतून पाना आणून आवळला आणि वर ठिपका दिला. बाटली अजूनही लालच होती.

ती काठी आता माझ्या टेबलाला टेकवलेली आहे. तिच्यावरचा ठिपका खरा आहे. माझं बोलणं त्यानं मान्य केलं नाही, म्हणून लिहून ठेवतो: त्या बोल्टावर ठिपका नव्हता.