मोकळा भात

आईचं तेरावं उरकलं आणि दुसऱ्या दिवशी मानसी गिरणीवर हजर झाली. वडिवळ्याहून कामशेतला येताना जीपमधल्या बायका तिच्याकडे चोरून बघत होत्या. आता रडेल, मग रडेल. मानसी बाहेर बघत होती. रडू येत नव्हतं. दुसरंही काही येत नव्हतं.

गिरणी अतुलशेठची, तांदळाची. इंद्रायणी तांदूळ थेट हॉटेलवाल्यांना विकायचं त्यांनी मनावर घेतलं होतं. त्यासाठी वेबसाइट झाली, वेबसाइटवर ब्लॉगही हवा असं ठरलं, आणि बिलं करणारी मानसी बी.कॉम. म्हणून ते काम तिच्याकडे आलं.

"आलीस? बरं झालं." शेठ घुटमळले. "आईचं वाईट झालं गं."

"हं."

"ब्लॉगचं तेवढं बघ. पुण्याची एजन्सी मागं लागलीय, बिलंसुद्धा आम्हीच करतो म्हणतात. या ब्लॉगवर एक जरी हॉटेलवाला आला, तर तू राहशील. नाहीतर काम त्यांनाच द्यावं लागेल; तू आणि ते, दोन्ही मला परवडायचं नाही, बाई."

मानसीनं लिहायला घेतलं. 'यंदाचा नवा तांदूळ. झाकण काढलं की शेजारच्या घरात वास. भात असा चिकट, की घास आपोआप वळतो.' हे सगळं भामाबाईचं, तिच्या आईचं बोलणं. नवा तांदूळ घरात आला की ती पेज भातातच जिरवायची आणि पहिला घास मानसीच्या तळहातावर ठेवायची. वडिवळ्यात भाताला चिकट म्हणणं हे कौतुकच. मानसीनं कुठंही न अडखळता टाइप केलं आणि ब्लॉग वेबसाइटवर टाकला.

फोन आला. शेठनी तो मोठ्या हौसेनं स्पीकरवर टाकला.

"पवन बोलतोय, लोणावळ्यातून. रिसॉर्टवर कंपन्यांची जेवणं असतात माझी. तुमचा ब्लॉग वाचला."

"बोला, बोला साहेब!"

"चिकट, चिकट, चिकट. अहो, तांदूळ विकताय का डिंक?"

शेठचा चेहरा पडला. "ते... लिहिणारी नवीन आहे."

"तिलाच द्या."

मानसी फोनजवळ सरकली. "बोला."

"मॅडम, हे कुणासाठी लिहिलंत?"

"खाणाऱ्यासाठी."

"खाणारा माझ्याकडं येतो. तुमच्याकडं मी येतो! मला सांगा, बुफेत झाकणाखाली तासभर राहिला की याचं काय होतं? गोळा. साहेब त्यात चमचा खुपसतात आणि माझ्याकडं बघतात."

"जुना तांदूळ घ्या. वेळून घ्या, पेज काढून टाका. परातीत पसरून वाफ जाऊ द्या, मग झाका. आमच्याकडं लग्नाच्या पंगतीला असाच करतात."

"अहो, मग हे लिहा की! शेजारच्या घरात वास गेला तर शेजारी मला पैसे देणारेत का?"

फोन ठेवल्यावर शेठ म्हणाले, "डिंक म्हणाला तो. डिंक!"

"बदलते."

तिनं आईच्या ओळी निवडल्या. बटण दाबलं. ओळी गेल्या. काही वाटतंय का, म्हणून ती जरा थांबली. नाही वाटलं. मग तिनं वर मथळा दिला, 'बुफेत मोकळा राहणारा इंद्रायणी भात', आणि पवनचे प्रश्न एकाखाली एक मांडून उत्तरं लिहिली. तांदूळ किती जुना, पाणी किती, पेज कधी काढायची.

पवननं आधी एक पोतं नेऊन बघितलं. मग टेम्पोच पाठवला. कार्ल्याच्या एका हॉटेलचाही फोन आला.

"एजन्सीला नको म्हणून कळवलं," शेठ म्हणाले. "राहा तू."

"बरं."

"अगं, हस की जरा!"

ती हसली.

घरी तिचे वडील, गेणूआबा, ताट घेऊन बसलेच होते. आई गेल्यापासून शेजारून डबा यायचा; आज मानसीनंच भात टाकला होता. वाढला तर शितं ताटभर सुटी पसरली. आबांनी आमटी ओतली, कालवलं, घास वळायला घेतला. वळेना. बोटांतून गळून गेला. त्यांनी पुन्हा वळायला घेतला.

"पेज कुटं गेली गं?"

"काढून टाकली."

"काढून?" आबांनी तिच्याकडे बघितलं. "तुजी आई कदी..."

"लोणावळ्यात असाच मागतात, आबा."

"आन हितं कोण मागतंय?"

मानसी उठली. फळीवरून चमचा काढला, पुसला आणि त्यांच्या ताटात ठेवला.

आबा चमच्यानं जेवले.