रुमालाखालचा आवाज

फौजेत मी सिग्नलमध्ये, म्हणजे संदेशवहनात होतो. निवृत्त होऊन साताऱ्यात आलो आणि माणसांचे आवाज टिपायचा नाद लागला. त्यासाठी लॅपटॉपवर एक फुकटचं सॉफ्टवेअर होतं, जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलेलं. त्याचा कोड कुणीही वाचावा.

सांगलीच्या माझ्या दाजींच्या घशाचं ऑपरेशन ठरलं. नंतर आवाज राहणार नव्हता. त्यांच्या बायकोसाठी, माझ्या अक्कासाठी, चार शब्द टिपून ठेवावेत म्हणून त्यांनी मला बोलावलं.

लॅपटॉप उघडला तर नव्या अपडेटची पाटी आली. सॉफ्टवेअर कसं वापरता याची माहिती पाठवू का?

"म्हंजे काय?" दाजींनी विचारलं.

"कवा उघडलं, किती वेळ चाललं, कुठं अडकलं, एवढंच. तुमचं बोलणं जात न्हाई."

दाजी उठलेच. "मग मी न्हाई बोलत."

जन्म गेला हळदीच्या व्यापारात. पूर्वीचे सौदे रुमालाखाली, बोटं दाबून. भाव दोघांनाच ठाऊक. दाजी कुणाला ताकास तूर लागू देत नसत. म्हणाले, "रुमाल किती वेळ हालला यवड्यावर शेजारचा भाव वळखतुय, गड्या."

मला हसू आलं नाही. शत्रूचा संदेश उलगडला नाही तरी कोण, कधी, किती वेळ बोललं यावरून हालचाल कळते, हे आम्हाला फौजेत शिकवलं होतं. याच पाटीवरून इंटरनेटवर आधीच रान उठलं होतं. तक्रार करणाऱ्यांना लोक शंकेखोर म्हणत. त्या शंकेखोरांत मीही होतो आणि मला त्याची काडीची लाज नाही.

मी 'नको' दाबलं, इंटरनेट बंद केलं. दाजींनी तरीही खांद्यावरचा मोठा रुमाल काढून लॅपटॉपवर टाकला, माइकसकट!

"आवं दाजी, आवाज गोधडीतनं आल्यागत येईल!"

"मग मीबी आत जातो."

आणि वाफारा घ्यायला बसावं तसं डोकं रुमालाखाली घालून बसले. कुठलं बटण दाबायचं ते मला विचारून घेतलं आणि खोलीबाहेर काढलं. बऱ्याच वेळानं घामाघूम होऊन बाहेर आले. मी एक शब्दही न ऐकता सगळं पेनड्राइव्हवर घालून अक्काच्या हाती दिलं आणि लॅपटॉपमधलं त्यांच्यासमोर पुसून टाकलं.

लोकांच्या ओरड्यानं सॉफ्टवेअरवाल्यांनाही ती पाटी काढावी लागली. आता ते काहीच पाठवत नाही. ही बातमी घेऊन मी सांगलीला गेलो, तोवर ऑपरेशन झालं होतं.

"दाजी, आपण जिंकलो!" मी म्हणालो.

ते गालात हसले. शेजारी बसलेल्या अक्काचा हात त्यांनी हातात घेतला, वर रुमाल टाकला आणि बोटं दाबली. अक्काचे डोळे भरले, पण चेहरा फुलला.

"काय म्हणाले गं?" मी विचारलं.

"तुला रं कशाला?" अक्का म्हणाली.