सरळ भोंगा

सुभेदार म्हणून माझं पोस्टिंग येरवड्यापलीकडच्या एका छोट्या स्टोअर्स डेपोत झालं. भिंतीला लागून नव्या सोसायट्या उठत होत्या, त्यांच्यामागे आयटीवाल्यांच्या काचेच्या इमारती. ऑफिसच्या गच्चीवर जुना भोंगा होता. मोटरवर चालायचा; वीज गेली तर हँडल लावून हाताने. तो नाईक वासुदेव ढोकेच्या ताब्यात. वर्ध्याचा गडी. भोंग्याला ‘म्हातारा’ म्हणायचा आणि पोटच्या पोरासारखा जपायचा.

दर सोमवारी दहाला टेस्ट. आवाज खालीवर म्हणजे धोका, बाहेर पडा. आवाज सरळ म्हणजे ऑल क्लिअर, परत या. भिंतीपलीकडच्या पेंडसे गुरुजींची एकदा चिठ्ठी आली: ‘भोंगा वाजवण्यापूर्वी पूर्वसूचना द्यावी.’

ढोके पोट धरून हसला. “सायेब, सूचनेसाठी दुसरा भोंगा लावू का?”

मे महिना, गुरुवार. दुपारी दोन चाळीसला ऑफिसशेजारच्या शेडला आग लागली. ड्रिलप्रमाणे मेन स्विच पाडला. त्याबरोबर नुकताच बसवलेला इलेक्ट्रॉनिक हूटरही गप्प. ढोके हँडल घेऊन गच्चीवर पळाला. म्हातारा ओरडू लागला. हात जोरात, मग सैल. आवाज वर, मग खाली.

मी गेटवर माणसं मोजत होतो. आमचे कामगार मोठे वस्ताद. भोंगा थांबला की डबा आणायला परत आत घुसणार, हे ढोकेला पक्कं ठाऊक होतं. धूर गच्चीवर गेला. मी वॉकी-टॉकी उचलला.

“ढोके, खाली उतर.”

“किती झाले, सायेब?”

“छत्तीस. चार बाकी.”

“मंग फिरवतो.”

मी पुन्हा ऑर्डर द्यायला हवी होती. दिली नाही. ते अजून सलतं.

तीन वाजून पाच मिनिटांनी शेवटचा माणूस खोकत बाहेर आला. तोवर बंबाने आगही विझवली होती.

“ढोके, चाळीस. ऑल क्लिअर.”

पूर्ण एक मिनिट त्याने सरळ आवाज दिला. मग स्वतःच्या पायांनी उतरला, चहा मागितला, अर्धा प्यायला. संध्याकाळी त्याला श्वास लागला, हॉस्पिटलमध्ये हलवलं. रविवारी सकाळी तिथेच त्याने प्राण सोडला. फुफ्फुसांत धूर भरला होता.

सोमवारी दहाला माझ्याच्याने गच्चीवर जाववेना. साडेदहाला चिठ्ठी आली: ‘आज भोंगा वाजला नाही. कारण कळवावे.’

कारण सांगायला मी स्वतः गेलो. गुरुजी ऐकता ऐकता खुर्चीतून उठले. बराच वेळ चष्मा पुसत राहिले.

“अहो सुभेदार, आज वाजवाच. पूर्वसूचना मिळाली असं समजा.”

वीज अजून आली नव्हती. मी हँडल लावलं. खाली चाळीस कामगार उभे होते, भिंतीपलीकडे गुरुजी. पूर्ण एक मिनिट आवाज सरळ ठेवला.

ढोके, चाळीस. ऑल क्लिअर.