निळ्यावर आलेली बुरशी

"मॅडम, तुमच्या चित्राला बुरशी लागलीय." विंचूरच्या वाइनरीतून मॅनेजर अहिऱ्यांचा फोन. "शुक्रवारी बाहेरचे पाहुणे आहेत. नीट होत नसेल तर उतरवून घेऊन जा."

चित्र म्हणजे चार फुटी अ‍ॅबस्ट्रॅक्ट. घर नाही, झाड नाही, नुसते निळे आकार, तेही रंगीत पेन्सिलींनी. वाइनरीने सांगून करून घेतलेलं, माझं पहिलं कमिशन. तेव्हा मी बावन्न वर्षांची पोर होते. नवरा जाऊन दोन वर्षं झालेली, लेक बंगळुरात. नाशिकरोडच्या फ्लॅटमध्ये चार महिने पेन्सिली घासत होते. तेवढ्या काळात मला फोन आले ते बहुतेक राँग नंबर. काचसुद्धा लावू दिली नव्हती. काचेत माझं चित्र गुदमरेल म्हणे.

धास्तीने हाताला लागलं ते सामान पिशवीत भरलं आणि एसटी पकडली. पाहुण्यांना वाइन चाखायला देतात त्या खोलीत चित्र टांगलेलं. गडद निळ्यावर पांढुरकी झाक. तरी तोंड चालूच.

"ही बुरशी नाही. हे एकाकीपणाचं धुकं आहे."

"मॅडम, पाहुण्यांना धुकं नकोय."

तोवर साफसफाईच्या सुनंदाबाईंनी कोपऱ्यात बोट फिरवलं. खालून लख्ख निळा निघाला.

"मेण हाय ताई हे. गेलं बघा तुमचं धुकं."

खरंच मेण होतं. पेन्सिलीच्या रंगातच ते असतं. थरावर थर दाबून दिले, की काही दिवसांनी वर येतं. त्याला ब्लूम म्हणतात. मऊ कापडाने हलकेच पुसायचं आणि वर फिक्सेटिव्हचा स्प्रे मारायचा, की सहसा पुन्हा येत नाही. मला हे ठाऊक होतं. कलावंत झाल्यावर विसरले होते.

पुसलं. चित्र भिंतीवर राहिलं. सुनंदाबाईंनी चहा आणला, बसवून घेतलं, सासूची गाऱ्हाणी सांगितली.

"पुन्हा आलं तर?" अहिऱ्यांनी विचारलं.

"फोन करा. मी येईन."

स्प्रे पिशवीतच होता. काढला नाही.

मग महिन्या-दीड महिन्याने फोन यायचा. मी इस्त्रीची साडी नेसून निघायचे. पुसायला पाच मिनिटं, चहाला तासभर. असं वर्षभर चाललं. नंतर दोन महिने फोन नाही. शेवटी मीच लावला.

"मेण येतं की मॅडम," अहिरे म्हणाले. "पण सुनंदाबाईच पुसतात आता. तुम्हाला एवढ्या लांबून कशाला त्रास?"

मागून सुनंदाबाईंचा आवाज आला, "ताईंना सांगा, लय सोपं हाय."

"बरं झालं," मी म्हणाले आणि फोन ठेवला.

रंगीत पेन्सिलींचं काम करणाऱ्यांनी चित्र देण्याआधीच स्प्रे मारावा. आणि कुणाकडे चहाला जावंसं वाटलं, तर येऊ का, असं सरळ विचारावं. बावन्नाव्या वर्षी मला यातलं एकही जमलं नाही.