चांदमारीवरचं पाणी

खड्ड्यातला मातीचा खांब कोसळला आणि मोठा धमाका झाला. माझी धाकटी जाऊ शांता बाभळीजवळ पालथी पडली. अंगावर सगळा मुरूम. माझे कान बंद. मेली समजून मी तिचे पाय धरून ओढत होते.

भूतखेत मी मानत नाही. आमच्या घरानं धम्म घेतला तेव्हाच अंगारे-धुपारे बंद झाले. शाळा माझी चौथीपर्यंत. घडलं तेवढंच लिहिते.

लातूर नुकताच जिल्हा झाला होता. दुष्काळ पडलेला. मुरुडच्या अलीकडं जुनी चांदमारी होती — निजामाचे शिपाई तिथं बंदुका-तोफा चालवायला शिकायचे. तिथंच रोजगार हमीवर आम्ही पाझर तलाव खोदत होतो. मातीतून शिपायांचं टाकलेलं निघायचं... पितळी गुंड्या, चमचे, दाढीचा ब्रश. मला निळ्या काठाचा तामचिनीचा पेला सापडला. घासून त्यातच पाणी पिऊ लागले. शांता म्हणायची, आक्का आता सायबीण झाली.

खोली मोजायला खड्ड्यात मधोमध मातीचा खांब सोडतात. माप होईपर्यंत त्याला हात लावायचा नसतो. आमच्या खांबातून लोखंडाचं बूड दिसत होतं. मुकादमाला दाखवलं. जुनं डबडं असेल, म्हणाला. आम्ही खांब ठेवून भोवतीनं उकरत गेलो. बुडाशी तो बारीक झाला, ते ध्यानातच आलं नाही.

भर दुपारी वरून आवाज आला, "बाई, घोटभर पाणी द्या."

आमची घागर वेगळ्या बाभळीखाली असायची. त्या कामावर आमच्या हातचं पाणी बाकीचं कुणी पीत नव्हतं. शांतानं कुदळ टाकली.

"आक्का, आपल्याला मागायलाय का?"

"माझ्याकडं काय बघती? मागतोय तर दे."

ती पेला घेऊन वर गेली. एवढा तहानलेला कोण, ते बघायला मीही चढले. मला कुणीच दिसलं नाही. शांता म्हणते, खाकी अर्ध्या चड्डीतला माणूस होता. पेला भरून तिनं त्याच्या हातात दिला... आणि मागं खांब पडला. डबडं नव्हतं ते, न फुटलेला तोफगोळा होता.

पेला परत सापडला नाही. हजेरीवर तसा माणूस नव्हता. शांताला उन्हानं भास झाला म्हणावं, तर आवाज मी पण ऐकला. लई जणांना विचारलं. उत्तर अजून नाही.

त्या खड्ड्यावर आम्ही दोघीच होतो. शांताचा एक कान गेला. दोघी वाचलो.