करडीच्या तलावातला डावा हात

भंडाऱ्याच्या बसस्थानकावर उतरले तेव्हा माझ्याकडे दोन बॅगा होत्या. एकीत कपडे, दुसरीत माझी पीएच.डी. वेगानं पोहणाऱ्यांचे दोन्ही हात पाण्यात सारखंच काम करतात का, हा माझा विषय. मनगटांवर काडेपेटीएवढी यंत्रं बांधायची, माणूस पाण्यात सोडायचा आणि लॅपटॉपवर उमटणाऱ्या रेघा वाचायच्या. माझ्या अभ्यासातली, राष्ट्रीय स्पर्धांत उतरणारी प्रणाली सुट्टीला गावी आली होती. "इकडंच या ताई, तलाव आहे ना," ती फोनवर म्हणाली. आम्ही पुण्यात पोहण्याच्या टाकीलाही तलावच म्हणतो, त्यामुळे मी खुशाल निघाले.

दुसऱ्या एसटीनं वैनगंगा ओलांडली, दोन्ही बाजूंना भाताच्या बांध्या (खाचरं) सुरू झाल्या आणि करडी आलं. प्रणाली मला थेट तलावावर घेऊन गेली. काठाला कमळाची पानं, पलीकडे शिंगाड्याचे वेल आणि मधोमध निवांत डुंबणाऱ्या म्हशी.

"लेन कुठे आहेत?" मी विचारलं.

"म्हशी काढल्या का (की) होतात," ती म्हणाली.

मग मात्र तिचा चेहरा उतरला. तिचा डावा हात पाण्यात अर्धवटच ओढला जाई. डॉक्टरांना खांद्यात काही सापडलं नव्हतं, आणि प्रशिक्षकांनी बजावलं होतं, हे सुधारलं नाही तर शिबिरात जागा नाही.

"दुखत तं काहीच नाही. मग होते काहून (का) असं? आता नाही समजलं तं मी पोहणं सोडून देते, ताई."

घरी जेवायला भात आणि मासोळीचा रस्सा होता. तो इतका झणझणीत, की पाण्यात शिरण्याआधीच माझे डोळे भिजले.

दुपारी तलावाच्या पाळीवर (बांधावर) निम्मं गाव जमलं. मी डॉक्टर होणार आहे असं कुणीतरी पसरवलं, तशा एक आजी लुगडं गुडघ्यावर सरकवून माझ्यासमोर बसल्या.

"आजी, माझा अभ्यास औषधाचा नाही, हालचालीचा आहे."

"मंग माहे गुडघेच तं हालत नाही, बाई!"

प्रणाली पाण्यात उतरली. काय पोहते ती! पण स्क्रीनवर डाव्या हाताची रेघ आखूड, शेवटी एक झटका. परतीच्या फेरीत एक म्हैस आडवी आली आणि त्या रेघेचा डोंगर झाला. मी कपाळाला हात लावला.

एवढ्यात तिचे चुलते, दयाराम काकाजी, पुढे झाले. "माह्या हाताले कायले नाही बांधत? पोरीले पोहणं मीच शिकवलं."

म्हातारं माणूस रुसायला नको म्हणून बांधली यंत्रं. धोतर खोचून त्यांनी अशी उडी घेतली, की पुढच्या रांगेसकट माझा लॅपटॉपही भिजला. तो पुसून स्क्रीनकडे पाहिलं आणि मी पाहतच राहिले. डावी रेघ आखूड, शेवटी तोच झटका.

"काकाजी, डावा हात सरळ करा बरं."

तो झालाच नाही. तरुणपणी मोहाच्या झाडावरून पडले, कोपर वाकडं जुळलं. "आता कोनाले आठवते?" ते म्हणाले.

"लहानपणी मी तं काकाजीच्या मागंमागंच पोहत होती," प्रणाली हळूच म्हणाली.

काकाजींनी आपलं वाकडं कोपर चाचपलं. "म्हणजे माह्याच्यानं पोरीचं वाटोळं झालं का?"

"नाही हो! तिचा हात धडधाकट आहे. ही नुसती सवय आहे, ती मोडता येईल."

प्रणाली आधी रडली, मग हसायला लागली, आणि पुन्हा पाण्यात गेली. संध्याकाळपर्यंत काकाजी काठाकाठानं धावत ओरडत होते, "सीधा! हात सीधा कर! माह्यासारखा नको करू!" शेवटच्या फेरीत डावी रेघ थोडी, पण नक्की लांबली. ती बाहेर आली तेव्हा काकाजींनी तिचा डावा हात धरला तो घरापर्यंत सोडला नाही.

दुसऱ्या दिवशी ते मला एसटीत बसवायला आले.

"तुमच्या पुस्तकात माहं नाव येऊन राहिलं ना?"

"नावं छापता येत नाहीत, काकाजी. प्रत्येकाला नंबर असतो."

"मंग मले एक नंबर द्या," ते म्हणाले. "पोरीले दोन चालते."

परतीच्या गाडीत मी विचार करत बसले. इतकी वर्षं मी हात मोजले, पण हा हात कुणाकडून आला, हे एकाही खेळाडूला विचारलं नव्हतं. नागपूर मागे पडलं तसा मी लॅपटॉप उघडला आणि काकाजींना एक नंबर देण्यासाठी देशातल्या नामांकित जलतरणपटूंना एकेक नंबर खाली सरकवलं.