मंजण्णांनी विचारलेला ट्रिपर

बंगळुरातल्या मराठी मंडळींच्या या ग्रुपवर मी एरवी पोळीभाजीचा डबा कोण देतं, एवढंच विचारते. आज दुसरंच लिहायचंय.

जे. पी. नगरच्या आमच्या फ्लॅटमध्ये सकाळी बाल्कनीची फरशी बदलायला मंजण्णा आले होते. फरशी कापताना पात्यावर पाणी सोडावं लागतं, त्यामुळे सगळीकडे ओल. विजेवरचा कटर लावण्याआधी त्यांनी विचारलं, "अक्का, ट्रिपर आहे ना?" म्हणजे करंट गळायला लागला की क्षणात वीज तोडणारा खटका.

लॅपटॉपमधून मान वर न काढता मी म्हटलं, "आहे, अण्णा."

खोटं नव्हतं. मेन बोर्डात ट्रिपर होताच. पण गेल्या पावसाळ्यात तो सारखा पडायचा आणि माझे ऑफिसचे कॉल तुटायचे. वैतागून मी तो बायपास करून घेतला, म्हणजे वीज त्याला वगळून थेट घरात. इलेक्ट्रिशियन नको म्हणत होता, तरी. नंतर विसरूनही गेले.

अकराच्या कॉलमध्ये असताना काहीतरी पडल्याचा आवाज आला. मंजण्णा ओल्या फरशीवर पडले होते, कटर हातातच होता. धावत जाऊन मेन स्विच बंद केला. हॉस्पिटलमध्ये नेलं, पण ते गेले होते.

त्यांची बायको तिथे मला एवढंच म्हणाली, "ट्रिपर आहे का, हे विचारल्याशिवाय ते कटरला हात लावत नसत. आज विचारलं नाही का त्यांनी?"



तुमच्या ट्रिपरवर टेस्टचं छोटं बटण असतं. आत्ता उठून दाबा. घरातली वीज गेली पाहिजे.

मी घरी येऊन मेन स्विच परत लावला आणि ते बटण दाबलं. एकही दिवा गेला नाही.